स्वादुपिंडाची ‘आभासी’ पिशवी : प्रतीक्षा केव्हा करावी, निचरा केव्हा करावा

पोटदुखीच्या भयंकर आजारातून उठून रुग्ण घरी परततो. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी होते आणि अहवालात ‘पॅन्क्रियाटिक स्यूडोसिस्ट’ असे दोन शब्द येतात. पुढे मापही असते, आठ सेंटिमीटर किंवा दहा सेंटिमीटर. घरात पहिला शब्द उच्चारला जातो तो ‘गाठ’, आणि दुसरा, दबक्या आवाजात, ‘कॅन्सर’. प्रत्यक्षात ही गाठही नसते आणि कॅन्सरही नसतो. स्वादुपिंडातून गळलेला पाचक रस शरीराने एका जागी कोंडून ठेवल्यामुळे तयार झालेली ती पिशवी असते. परंतु तिच्याविषयीच्या भीतीतून दोन विरुद्ध चुका घडतात. काही कुटुंबे ती तत्काळ काढून टाकण्याचा आग्रह धरतात. काही जण दुखणे थांबताच फाईल कपाटात ठेवून देतात आणि पुढच्या तपासणीला जातच नाहीत. या आजारात उपचाराची पद्धत जितकी महत्त्वाची तितकीच तिची वेळ महत्त्वाची असते, आणि ही वेळ ठरवण्याचे गणित रुग्णाला व त्याच्या घरच्यांना सहसा कोणी समजावून सांगत नाही.

स्वादुपिंड हा जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवा पसरलेला, साधारण १५ सेंटिमीटर लांबीचा अवयव आहे. त्याचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेले असते, तर शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत पोचते. तो इन्सुलिनसारखी संप्रेरके रक्तात सोडतो आणि दररोज एक लिटरहून अधिक पाचक रस एका नलिकेवाटे आतड्यात ओततो. मांस, तेल, पिष्ट हे सारे पचवण्याची शक्ती या रसात असते. तो स्वादुपिंडालाच कसा पचवत नाही, तर त्यातील प्रथिने पचवणारी प्रखर विकरे आतड्यात पोचेपर्यंत निद्रिस्त अवस्थेत ठेवलेली असतात. पित्ताशयातून निसटलेला खडा वाटेत अडकला, किंवा मद्यामुळे स्वादुपिंडाच्या पेशी दुखावल्या, की ही विकरे जागच्या जागी जागी होतात. यालाच तीव्र स्वादुपिंडदाह, म्हणजेच पॅन्क्रियाटायटिस म्हणतात. वरच्या पोटात सुरू होऊन पाठीत घुसणारी, रुग्णाला पुढे वाकून बसायला लावणारी ती वेदना ज्याने एकदा अनुभवली तो ती विसरत नाही.

या दाहात नलिकेची एखादी शाखा फाटली तर रस बाहेर झिरपू लागतो. जठर आणि स्वादुपिंड यांच्या मधल्या सापटीत तो साचतो. आजूबाजूचे अवयव, म्हणजे जठराची मागची भिंत, मोठे आतडे, आतड्यांवरचा चरबीचा पडदा, या रसाच्या स्पर्शाने दाहयुक्त होतात आणि त्याच्याभोवती तंतुमय ऊतींचा थर घालू लागतात. खाजन शेतीचा बांध फुटून सखल जागेत शिरलेल्या पाण्याभोवती गाळाची कड धरावी, तसेच काहीसे हे घडते. खऱ्या पुटीला पेशींचे स्वतःचे अस्तर असते. या पिशवीला तसे अस्तर नसते, तिच्या भिंती शेजाऱ्यांकडून उसन्या घेतलेल्या असतात. म्हणूनच तिला ‘स्यूडो’, म्हणजे आभासी, असे म्हणतात.

ही भिंत पक्की व्हायला साधारण चार आठवडे लागतात, कधी सहा. उपचाराच्या बहुतेक सगळ्या निर्णयांचे मूळ या एका गोष्टीत आहे. कच्च्या भिंतीला टाका बसत नाही, नळी ठेवली तर भिंत फाटते, आणि पिशवीतला रस पोटभर पसरतो.

चार नावे, आणि त्यांतला फरक

अहवालातील ‘स्यूडोसिस्ट’ हा शब्द बरेचदा सैलपणे वापरलेला असतो. पूर्वी तर स्वादुपिंडाजवळ साचलेल्या कोणत्याही द्रवाला हेच नाव दिले जाई. हा गोंधळ आवरण्यासाठी १९९२ साली अमेरिकेतील अटलांटा येथे तज्ज्ञांच्या बैठकीत एक वर्गीकरण ठरले. २०१२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती तयार झाली आणि आज जगभर तीच वापरली जाते. तिचे सूत्र सोपे आहे. दोन प्रश्न विचारायचे. आजार सुरू होऊन चार आठवडे झाले आहेत का? आणि स्वादुपिंडाचा किंवा त्याभोवतीच्या चरबीचा काही भाग मृत झाला आहे का?

स्वादुपिंड केवळ सुजले असेल, त्याचा कोणताही भाग मेलेला नसेल, तर पहिल्या चार आठवड्यांत साचलेला द्रव हा निव्वळ ‘तीव्र द्रवसंचय’ होय. त्याला भिंत नसते आणि बहुतांश वेळा तो आपोआप शोषला जातो. चार आठवड्यांनंतरही तो टिकला व त्याभोवती भिंत तयार झाली तरच त्याला स्यूडोसिस्ट म्हणावयाचे. याउलट ऊती मृत झाल्या असतील तर साचलेल्या द्रवात त्या मृत ऊतींचे तुकडे मिसळलेले असतात. चार आठवड्यांपूर्वी तो ‘तीव्र मृतऊतिसंचय’ असतो. त्यानंतर त्याभोवती भिंत बनली की त्याला ‘वॉल्ड ऑफ नेक्रोसिस’, म्हणजे भिंतीआड बंदिस्त झालेला मृत भाग, असे म्हणतात.

हा फरक केवळ नावापुरता नाही. स्वच्छ द्रव बारीक नळीतून वाहून जातो, पण मृत ऊतींचा गाळ त्याच नळीत अडकतो, कुजतो आणि त्यात जंतुसंसर्ग होतो. त्यामुळे स्यूडोसिस्ट समजून बारीक नळी घातली आणि आत गाळ निघाला, तर बऱ्या स्थितीतला रुग्ण आठवड्याभरात ताप व सेप्सिस घेऊन अतिदक्षता विभागात पोचू शकतो. सीटी स्कॅनवर हा गाळ अनेकदा द्रवासारखाच दिसतो. एमआरआय किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड, म्हणजे दुर्बिणीच्या टोकावर बसवलेली सोनोग्राफी, या तपासण्यांत तो अधिक स्पष्ट उमटतो. निचरा करण्यापूर्वी डॉक्टर सीटी झालेला असतानाही आणखी एक तपासणी सांगतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते. ही तपासणी खर्च वाढवण्यासाठी सांगितली आहे असे समजून ती टाळणे महागात पडू शकते.

नव्या व्याख्येनुसार पाहिले तर खरा, स्वच्छ द्रवाचा स्यूडोसिस्ट हा पूर्वी वाटत होता त्यापेक्षा कमी आढळणारा विकार आहे. पूर्वी त्या नावाखाली मोजलेले कित्येक रुग्ण प्रत्यक्षात दुसऱ्या गटातले होते.

कारणे

तीव्र दाहाची दोन प्रमुख कारणे म्हणजे पित्ताशयातील खडे आणि मद्य. त्याखालोखाल रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी प्रमाणाबाहेर वाढणे हे कारण येते. तिची पातळी दर डेसिलिटरला १००० मिलिग्रॅमच्या वर गेली की धोका ठळक होतो. कॅल्शियम वाढणे, काही औषधे, पित्तनलिकेची एंडोस्कोपी आणि काही आनुवंशिक दोष ही कारणेही असतात. लहान मुलांत मात्र चित्र वेगळे आहे. सायकलवरून पडताना हँडलचे टोक पोटात घुसते, स्वादुपिंड कण्यावर दाबले जाऊन फाटते. वरून केवळ एक निळसर वण दिसतो आणि दोन-तीन आठवड्यांनी मूल जेवेनासे होते, त्याचे पोट फुगते. अशा मुलाच्या डॉक्टरांना सायकलवरून पडल्याचे सांगायला घरचे विसरतात, कारण तोवर तो प्रसंग क्षुल्लक वाटून मागे पडलेला असतो.

दीर्घकालीन स्वादुपिंडदाहातही स्यूडोसिस्ट होतो, किंबहुना त्यात त्याचे प्रमाण तीव्र दाहापेक्षा अधिक असते. येथे नवा झटका येण्याची गरजही नसते. नलिकेत खडा किंवा अरुंद भाग असतो, मागे रस तुंबतो आणि पिशवी हळूहळू फुगते. अशी पिशवी आपोआप जिरण्याची शक्यता कमी असते, कारण रस अडवणारा अडथळा जागेवरच असतो. मद्याइतकेच तंबाखूचे नाव येथे घ्यायला हवे. धूम्रपान हे स्वादुपिंडदाहाचे स्वतंत्र कारण आहे, हे अजूनही अनेकांना ठाऊक नसते. दारू सोडली म्हणून सिगारेट चालू ठेवणारे रुग्ण निम्म्या वाटेवरच थांबलेले असतात.

गोव्यात मद्याचा प्रश्न दोन्ही बाजूंनी अवघड होतो. एकीकडे स्वादुपिंडाचा आजार म्हणजे दारूचाच, असे गृहीत धरून थेंबही न घेणाऱ्या रुग्णाकडे, विशेषतः पित्तखडे असलेल्या स्त्रीकडेही, संशयाने पाहिले जाते. दुसरीकडे रोज घेणारा रुग्ण नातेवाइकांसमोर ‘सणासुदीला थोडी’ इतकेच सांगतो आणि डॉक्टरांची दिशा चुकते. फेणी असो, बिअर असो की विदेशी मद्य, स्वादुपिंडाच्या दृष्टीने त्यांत भेद नाही, अल्कोहोलचे एकूण प्रमाण तेवढे मोजले जाते. हा प्रश्न रुग्णाला एकट्याला, घरच्यांना बाहेर बसवून विचारला तर खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

लक्षणे आणि ओळख

छोटी पिशवी काहीच त्रास देत नाही, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती सापडते. मोठी पिशवी जठराला मागून दाबते. मग दोन घास खाताच पोट भरल्यासारखे वाटते, उलट्या होतात, वजन उतरते, वरच्या पोटात सतत बोचरे दुखते. पिशवी स्वादुपिंडाच्या डोक्याजवळ असेल तर पित्तनलिका दाबली जाऊन कावीळ होते. दाह ओसरल्यानंतरही रक्तातील अमायलेज कित्येक आठवडे चढेच राहणे ही एक सूचक खूण आहे, पण तिच्यावरून निदान ठरत नाही.

निदानातील खरी मेख निराळीच आहे. स्वादुपिंडात दिसणारी द्रवाची प्रत्येक पिशवी स्यूडोसिस्ट नसते. स्वादुपिंडात खऱ्या पुट्या असलेले अर्बुदही होते. त्यांपैकी काही निरुपद्रवी असतात, तर काही, विशेषतः चिकट श्लेष्म द्रवाने भरलेले, पुढे कर्करोगात बदलू शकतात. मध्यमवयीन स्त्रीला कधीही स्वादुपिंडदाह झालेला नाही, पोटाला मार लागलेला नाही, आणि स्वादुपिंडाच्या शेपटीत पाच सेंटिमीटरची एकच पिशवी दिसते, अशा वेळी अहवालात ‘स्यूडोसिस्ट’ लिहिले असले तरी अनुभवी डॉक्टर तो शब्द तसाच स्वीकारत नाहीत. असे अर्बुद स्यूडोसिस्ट समजून जठराशी जोडून दिले तर ते पोटात तसेच राहते, आणि शस्त्रक्रियेने पूर्ण बरे होण्याची संधी निघून जाते. स्यूडोसिस्टच्या उपचारातली ही सर्वांत दुःखद चूक असावी, आणि ती टाळण्यासाठी लागतो तो केवळ एक प्रश्न : ‘यापूर्वी कधी स्वादुपिंडदाह झाला होता का?’

शंका उरली तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडच्या साहाय्याने बारीक सुईने द्रव काढून तपासतात. स्यूडोसिस्टमधील द्रवात अमायलेज खूप जास्त असते आणि सीईए हा घटक अगदी कमी असतो. श्लेष्मयुक्त पुटीत सीईए वाढते. दर मिलिलिटरला १९२ नॅनोग्रॅम हा आकडा यासाठी सीमारेषा म्हणून प्रसिद्ध आहे. अलीकडे द्रवातील साखरही मोजतात. ती दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर श्लेष्मयुक्त पुटीची शक्यता वाढते. ही तपासणी स्वस्त आहे आणि तिच्यासाठी काही थेंब द्रव पुरतो.

‘सहा आठवडे, सहा सेंटिमीटर’ या नियमाचे काय झाले

जुन्या पिढीतील शल्यविशारदांच्या तोंडी एक नियम असे. पिशवी सहा आठवड्यांहून अधिक टिकली आणि सहा सेंटिमीटरहून मोठी असली, की शस्त्रक्रिया करायची. या नियमाला १९७९ साली अमेरिकेत एडवर्ड ब्रॅडली व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणाचा आधार होता. सोनोग्राफी तेव्हा नवी होती, आणि दीर्घकाळ टिकलेल्या पिशव्यांत गुंतागुंती वाढत असल्याचे त्यांना दिसले होते. पुढे १९९० मध्ये जॉन्स हॉपकिन्स आणि १९९२ मध्ये मेयो क्लिनिक येथील शल्यविशारदांनी, त्रास न देणाऱ्या पिशव्या शस्त्रक्रिया न करता केवळ लक्ष ठेवून सांभाळता येतात, असे दाखवून दिले. त्यांच्या रुग्णांपैकी अनेकांच्या पिशव्या लहान झाल्या किंवा नाहीशा झाल्या, आणि गंभीर गुंतागुंत थोड्यांनाच झाली.

आज आकार हा एकटा निकष राहिलेला नाही. दहा सेंटिमीटरची पण कोणताही त्रास न देणारी, दर खेपेला थोडी आक्रसणारी पिशवी तशीच ठेवता येते. पाच सेंटिमीटरची पण पित्तनलिका दाबून कावीळ करणारी पिशवी रिकामी करावी लागते. त्रास, वाढ आणि गुंतागुंत या तीन गोष्टींवर निर्णय होतो. मोठी पिशवी आपोआप जिरण्याची शक्यता लहान पिशवीपेक्षा कमी, हे मात्र खरे आहे, आणि म्हणून तिच्यावर अधिक बारकाईने लक्ष ठेवतात.

थांबायचे म्हणजे उपचार न करता घरी बसायचे असे नव्हे. या काळात रुग्णाचे पोषण हा मुख्य उपचार असतो. ‘स्वादुपिंडाला विश्रांती’ म्हणून रुग्णाला आठवडेच्या आठवडे पेज आणि नारळपाण्यावर ठेवण्याची रीत घातक आहे, कारण दाहातून उठलेल्या शरीराला प्रथिनांची नितांत गरज असते. कमी तेलाचे, मऊ, थोडे थोडे करून दिवसातून पाच-सहा वेळा घेतलेले जेवण बहुतेकांना मानवते. डाळ, अंडे, दही, कमी तेलात शिजवलेली मासळी यांना बंदी नाही. खाल्लेले राहतच नसेल तर नाकातून लहान आतड्यापर्यंत बारीक नळी घालून अन्न देतात. प्रतिजैविके केवळ पिशवी आहे म्हणून द्यायची नसतात, ती संसर्ग असेल तरच द्यायची. दर काही आठवड्यांनी सोनोग्राफी, वजनाची नोंद आणि रक्तशर्करेची तपासणी एवढे सातत्याने झाले पाहिजे. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेणे या काळात पूर्णपणे वर्ज्य समजावे. ताणलेल्या पातळ भिंतीच्या पिशवीवर बाहेरून जोर देणे धोक्याचे आहे.

घरी थांबलेल्या रुग्णाच्या कुटुंबाने काही खुणा मात्र पाठ कराव्यात. थंडी वाजून ताप आला तर पिशवीत संसर्ग झाल्याची शक्यता असते. एकाएकी असह्य वेदना होऊन पोट ताठरले तर पिशवी फुटली असण्याचा संभव असतो. डोळे पिवळे होणे, सतत उलट्या होणे, दम लागणे या तक्रारींसाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास, किंवा घेरी येऊन अंग पांढरे पडणे यांपैकी काहीही झाले तर एक तासही थांबू नये. काणकोण, सत्तरी वा पेडण्याच्या टोकाच्या गावातून बांबोळीला पोचायला लागणारा वेळ लक्षात घेता अशा प्रसंगी खासगी वाहन शोधत बसण्यापेक्षा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे श्रेयस्कर ठरते.

रक्तस्रावाविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. स्वादुपिंडाचा रस पिशवीलगतच्या रोहिणीची भिंत कुरतडतो, विशेषतः प्लीहेकडे जाणाऱ्या रोहिणीची. तेथे एक फुगवटा तयार होतो. तो फुटला तर काही मिनिटांत प्राणावर बेतते. म्हणून कोणत्याही मार्गाने पिशवी रिकामी करण्यापूर्वी कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन करतात आणि असा फुगवटा आहे का ते पाहतात. तो सापडला तर आधी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट मांडीतील रोहिणीतून बारीक नळी वर नेऊन तेथे धातूच्या तारेची वेटोळी सोडतो व फुगवटा बंद करतो. पिशवीचा निचरा त्यानंतर केला जातो. हा क्रम उलटला तर पिशवीत नळी शिरताच रक्ताचा लोंढा सुरू होऊ शकतो. प्लीहेची नीला गोठल्याने जठरात फुगलेल्या नीलाही अशाच धोकादायक असतात, त्यांचाही शोध याच स्कॅनमध्ये घेतला जातो.

निचरा : प्रागपासून हैदराबादपर्यंत

स्यूडोसिस्टवरील यशस्वी शस्त्रक्रियेचा इतिहास १८८२ पासून सांगितला जातो. प्राग येथील शल्यविशारद कार्ल गुसेनबाउअर यांनी पोट उघडून पिशवीची कड पोटाच्या त्वचेला शिवली आणि आतला रस बाहेर वाहू दिला. रुग्ण वाचला. परंतु रस बाहेर वाहत राहणे ही मोठी पीडा असे, जखमेभोवतीची त्वचा त्याने सोलवटून निघे. १९२० च्या दशकाच्या आरंभी प्रागमधीलच रुडॉल्फ येडलिचका यांनी पिशवीला त्वचेऐवजी जठराशी जोडले. रसाला शरीरातच वाट मिळाली आणि तो आतड्यात जाऊन आपले मूळ काम करू लागला. पिशवी जठरात उघडायची ही कल्पना त्यानंतर बदललेली नाही. पोटावर मोठा छेद घेण्याची गरज मात्र हळूहळू नाहीशी झाली.

आज पिशवी जठराला किंवा लहान आतड्याच्या पहिल्या भागाला चिकटून असेल, तिची भिंत पक्की असेल, आणि मधले अंतर सुमारे एक सेंटिमीटरच्या आत असेल, तर तोंडावाटे दुर्बीण घालून निचरा करणे हा पहिला पर्याय मानला जातो. दुर्बिणीच्या टोकावरील अल्ट्रासाऊंडने पिशवी आणि वाटेतील रक्तवाहिन्या दिसतात. रक्तवाहिन्या चुकवून जठराच्या भिंतीतून पिशवीला छिद्र पाडतात व त्यात स्टेंट ठेवतात. पोटावर एकही टाका पडत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ४० रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली होती. एंडोस्कोपी आणि शस्त्रक्रिया दोहोंचे यश सारखेच ठरले, पण एंडोस्कोपीच्या रुग्णांचा रुग्णालयातील मुक्काम सहा दिवसांऐवजी दोन दिवसांवर आला आणि खर्चही बराच कमी झाला.

स्टेंट दोन प्रकारचे असतात. प्लास्टिकचे, दोन्ही टोकांना डुकराच्या शेपटीसारखी वेटोळी असलेले स्टेंट स्वस्त असतात आणि स्वच्छ द्रवाच्या पिशवीला पुरतात. धातूच्या जाळीचे, दोन्ही बाजूंना पसरट कडा असलेले रुंद स्टेंट महाग असतात. पिशवीत गाळ असेल तर त्यांचा खरा उपयोग होतो, कारण त्यांच्यातून दुर्बीण थेट पिशवीत नेऊन मृत ऊती काढता येतात. या विषयात हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीचे काम मोलाचे आहे. धातूच्या अशा एका स्टेंटला मिळालेले ‘नागी’ हे नाव तेथील डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांच्या नावावरून आलेले आहे. प्रत्येक साध्या स्यूडोसिस्टला महागडा धातूचा स्टेंटच हवा असे मात्र नाही. ‘आमच्या रुग्णाला प्लास्टिकचा चालेल का’ हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, आणि विमा किंवा शासकीय योजनेत स्टेंटची किंमत धरलेली आहे का, हेही आधीच विचारून घ्यावे.

धातूच्या स्टेंटबाबत एक गोष्ट घरच्यांनी दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, ती म्हणजे तो काढण्याची तारीख. पिशवी आक्रसली की स्टेंटची आतली कड मागच्या रक्तवाहिन्यांवर घासू लागते. त्यातून उशिरा रक्तस्राव होतो किंवा स्टेंट भिंतीत रुतून बसतो. त्यामुळे सुमारे तीन ते चार आठवड्यांनी स्कॅन करून तो काढतात. अडचण अशी की तोवर रुग्णाला अगदी बरे वाटू लागलेले असते, तो नीट जेवू लागतो, कामावर जातो, आणि परगावच्या रुग्णालयात पुन्हा जाण्याचा प्रवास व खर्च त्याला अनावश्यक वाटतो. स्वादुपिंडाची नलिका मध्येच पूर्ण तुटलेली असेल तर मात्र प्लास्टिकचे स्टेंट दीर्घकाळ तसेच ठेवण्याचा निर्णय डॉक्टर जाणीवपूर्वक घेतात, कारण ते काढल्यास पिशवी पुन्हा भरण्याची भीती असते. कोणता स्टेंट आहे, किती आहेत आणि ते केव्हा काढायचे, हे डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहून घ्यावे.

नलिकेशी जोडलेली लहान पिशवी असेल तर ईआरसीपी करून नलिकेतच स्टेंट ठेवण्याचा मार्ग असतो. त्वचेतून बाहेरून नळी घालण्याची पद्धत मुख्यतः संसर्ग झालेल्या, भूल सहन न होणाऱ्या अत्यवस्थ रुग्णांसाठी राखून ठेवतात. नळीवाटे रस महिनोन्महिने बाहेर वाहत राहण्याचा जुना त्रास तिच्यात अजूनही संभवतो. नुसती सुई टोचून पाणी काढल्यास पिशवी बहुधा पुन्हा भरते.

शस्त्रक्रियेची गरज अजिबात संपलेली नाही. पिशवी जठरापासून दूर असणे, एंडोस्कोपी अपयशी ठरणे, अर्बुदाची शंका न फिटणे, किंवा दीर्घकालीन दाहात नलिका व पिशवी दोहोंचा एकत्र निचरा करावा लागणे, अशा प्रसंगी लॅपरोस्कोपीने वा पोट उघडून पिशवी जठराला किंवा आतड्याच्या वळणाला जोडतात. म्हणून निचरा करायचा झाला तर एंडोस्कोपी, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी आणि शल्यचिकित्सा ही तिन्ही दालने एकाच छताखाली असलेले रुग्णालय निवडणे शहाणपणाचे असते. एका पद्धतीत गुंतागुंत झाली तर तिला आवरणारा दुसरा हात रात्री दोन वाजताही तेथे उपलब्ध असावा लागतो.

पिशवी गेल्यानंतर

पिशवी हा परिणाम आहे, कारण तसेच राहिले तर दाह पुन्हा उद्भवतो. पित्तखड्यांमुळे आजार झाला असेल तर पित्ताशय काढावेच लागते. सौम्य दाहात ते त्याच मुक्कामात काढतात. द्रव साचलेला असेल तर तो जिरेपर्यंत किंवा पक्का होईपर्यंत थांबतात, आणि पुष्कळदा याच मधल्या काळात रुग्ण शस्त्रक्रिया विसरतो. ट्रायग्लिसराइड हे कारण असेल तर औषध व आहार आयुष्यभर सांभाळावा लागतो. मद्य हे कारण असेल तर ‘कमी करणे’ पुरत नाही, ते पूर्ण बंद करावे लागते. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने मात्र ते घरच्या घरी एका दिवसात तोडू नये. हात थरथरणे, भ्रम, झटके असे त्रास होऊ शकतात, म्हणून हे वैद्यकीय देखरेखीखालीच करावे लागते.

स्वादुपिंडाचा बराच भाग निकामी झालेल्यांना पुढे मधुमेह होऊ शकतो. शौचास तेलकट, पाण्यावर तरंगणारी, दुर्गंधीयुक्त होत असेल आणि खाऊनही वजन भरत नसेल, तर पाचक विकरांच्या कॅप्सूल द्याव्या लागतात. त्या जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर व जेवताना घ्यायच्या असतात. रिकाम्या पोटी घेतल्या तर त्यांचा उपयोग होत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला बेळगाव, मुंबई किंवा हैदराबादला जाताना बहुतेक कुटुंबे केवळ छापील अहवाल नेतात. तज्ज्ञाला पाहायची असते ती मूळ प्रतिमा : भिंतीची जाडी, जठरापासूनचे अंतर, रोहिणीवरचा फुगवटा, आतला गाळ. म्हणून सीटी व एमआरआयच्या सीडी, पहिल्या दाहाच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड आणि तो दाह ज्या दिवशी सुरू झाला ती तारीख एवढे बरोबर असावे. चार आठवड्यांची मोजणी त्या तारखेपासूनच सुरू होते.